पाणपक्ष्यांची नावे : खूण आणि शब्द

पक्ष्यांच्या मराठी नावांत एकसूत्रीपणा आणावा, हा विचार स्वागतार्हच आहे. तथापि इंग्रजी नावाचे संस्कृतप्रचुर रूपांतर म्हणजेच शास्त्रशुद्ध नाव, अशी जी समजूत रूढ होऊ पाहत आहे, तिची भाषाशास्त्रीय तपासणी अगत्याची आहे. रानबदके व पाणथळीच्या काठाने वावरणारे पक्षी यांची नावे बहुधा एखाद्या दृश्य खुणेवर आधारलेली असल्याने ती या तपासणीस विशेष सोयीची होत.

प्रथम ‘हळदीकुंकू’ हे नाव घेऊ. या बदकाची चोच काळी असून तिचे टोक पिवळे व बुडाशी दोन तांबडे ठिपके असतात. इंग्रजी नाव चोचीवर ठिपके आहेत एवढेच सांगते. मराठी नाव एकही रंगवाचक शब्द न योजता दोन्ही रंग सांगते. येथे द्वंद्व समास लक्षणेने पक्ष्याचा वाचक झाला आहे. शिवाय ही खूण नर व मादी या दोहोंत आढळते. ‘थापट्या’ हे नावही असेच. ‘थापटणे’ या क्रियापदाशी असलेले त्याचे नाते कानास तत्काळ जाणवते. हिवाळी पाहुणा म्हणून हे बदक नांदूर मधमेश्वरसारख्या जलाशयावर येते, तेव्हा आरंभी नराचा हिरवा माथा पुष्कळदा दिसतच नाही, कारण विणीनंतर त्याने मादीसारखा मळकट पिसारा धारण केलेला असतो. रुंद, चपटी चोच मात्र बदलत नाही.

याचा अर्थ प्रत्येक रूढ नाव निर्दोष असते असा नव्हे. ‘तलवार बदक’ हे नाव नराच्या लांब शेपटीवरून पडले आहे. मादीस ते लागू पडत नाही. परंतु ग्रंथनामेही या दोषापासून मुक्त नाहीत. ‘टिटवी’ हा शब्द ध्वन्यनुकारी असून संस्कृत ‘टिट्टिभा’शी त्याचे नाते उघड आहे. तिला ‘ताम्रमुखी’ म्हटल्याने सारे मुख तांबडे असल्याचा भास होतो. वस्तुतः तांबडी असते ती डोळ्यांपुढील मांसल झालर व चोचीचा बुडखा. कंठ व छाती काळीच. उलट ‘पीतमुखी’पेक्षा ‘माळटिटवी’ हे नाव अधिक समर्पक आहे. पक्षी कोठे शोधावा हेही ते सांगते.

इंग्रजी नावे तरी सर्वमान्य आहेत काय? समुद्रकाठच्या एकाच पक्ष्यास ब्रिटनमध्ये हिवाळी रूपावरून ‘करडा’, तर अमेरिकेत विणीच्या रूपावरून ‘काळ्या पोटाचा’ म्हणतात. मग यांपैकी कोणत्या नावाचे भाषांतर शास्त्रीय मानावयाचे?

तात्पर्य, नावाची कसोटी त्याच्या संस्कृतपणात नसून त्याने निवडलेल्या खुणेच्या स्थैर्यात आहे. रूढ शब्द मूळ धरून त्यास भेददर्शक विशेषण जोडावे. नवा शब्द जेथे रूढ शब्द नाही तेथेच घडवावा. अन्यथा यादी नीटनेटकी होईल, पण काठावरच्या कोळ्याशी तिचा संवाद तुटेल आणि बोलीत साठलेले पिढ्यांचे निरीक्षण अभ्यासकाच्या हातून निसटेल.