सहा ओळी, पाच उभ्या रेघा

जून १९८६. 'कम्युनिकेशन्स ऑफ द एसीएम' या संगणकशास्त्राच्या मासिकात जॉन बेंटली यांच्या सदरात एक जुगलबंदी छापून आली. काम साधं: मजकुरात सर्वांत जास्त वेळा आलेले शब्द आकड्यांसकट काढायचे. डोनाल्ड कनूथ यांनी त्यासाठी नक्षीदार, कित्येक पानी प्रोग्राम लिहिला. समीक्षक डग मॅकिलरॉय यांनी त्याची वाखाणणी केली आणि जाताजाता युनिक्स या संगणक प्रणालीतल्या आपल्या सहा कमांड पुढे ठेवल्या, दर ओळीला एक, मध्ये उभी रेघ. (सामना जरा अन्यायाचाच. कनूथना प्रोग्राम लिहिण्याची आपली रीत दाखवायची होती.)

पहिली 'टीआर' इंग्रजी अक्षरं सोडून बाकी सगळ्याच्या जागी, ते सलग कितीही असो, एकच नवी ओळ घालते. दर ओळीला एक शब्द. दुसरी कॅपिटल अक्षरं लहान करते. तिसरी 'सॉर्ट'. मोजायचंच आहे तर शब्द अकारविल्हे कशाला लावायचे? कारण चौथा 'युनिक' जवळचंच बघणारा. त्याला फक्त लगतची ओळ दिसते. सारखे शब्द शेजारी येऊन बसले तरच तो मोजणार. त्याचा अधूपणा कोणी दुरुस्त केला नाही. सॉर्टला आधी उभं केलं, भागलं! पाचव्या ओळीत तोच सॉर्ट वेश बदलून परत येतो, आता आकडे उतरत्या क्रमाने लावायला. शेवटी 'सेड' हवे तेवढे शब्द दाखवून दुकान बंद करतो.

पण माझा जीव मधल्या उभ्या रेघांवर. एका कमांडचं उत्तर त्या थेट पुढच्या कमांडला देतात. बागेतल्या नळीसारखे प्रोग्राम एकमेकांना जोडता यावेत, असं मॅकिलरॉय यांनी १९६४ मध्येच लिहून ठेवलं होतं. १९७३ मध्ये केन थॉम्प्सन यांनी ती सोय युनिक्समध्ये आणली. नळी कुठेही तोडावी, आतलं पाणी बघावं, पुन्हा जोडावी. बटणांच्या चकचकीत खिडक्यांत ही मुभा सहसा मिळत नाही.

परवा माझ्या जुन्या लेखांची फाइल या ओळींना दिली. उत्तर आलं १, आणि पुढे शब्दच नाही. पहिल्या रेघेपाशी तोडून पाहिलं: नुसती एक रिकामी ओळ. टीआरच्या लेखी मराठीचं अक्षरन् अक्षर कचरा! मग मोकळ्या जागेवर शब्द तोडायला सांगितलं. दुसरी ओळ काढूनच टाकली. देवनागरीत कॅपिटल अक्षरं आहेतच कुठे? पाच ओळींत यादी आली. वर 'आणि', त्याखाली 'आहे', आणि बरंच खाली पूर्णविरामाला चिकटून राहिलेला, वेगळा मोजलेला आणखी एक 'आहे.'