पाहुण्याच्या हाती घर सोडण्याची नोटीस

सामायिक वस्तू नीट चालते तोवर सगळ्यांची असते; गळायला लागली की कुणाचीच नसते. चाळीतला नळ, जिन्यातला दिवा, चार बिऱ्हाडांनी वर्गणी काढून घेतलेली शिडी, कुठलंही उदाहरण घ्या. या यादीत मी हल्ली आणखी एकीची भर घातली आहे : लिनक्सवरचा 'रनटाइम'. नावाने दचकू नका. प्रकरण चाळीतलंच आहे.

लिनक्स हे एक घर नव्हे. उबुंटू, डेबियन, फेडोरा अशी अनेक बिऱ्हाडं त्यात नांदतात आणि प्रत्येकाची चूल वेगळी. प्रोग्रॅम लिहिणारा बिचारा एकटा. त्याला अक्षरं उमटवायला, चित्रं उघडायला, आवाज काढायला तयार लायब्रऱ्या लागतात, आणि त्या प्रत्येक बिऱ्हाडात वेगवेगळ्या वयाच्या. एकाकडे गुण्यागोविंदाने चालणारा प्रोग्रॅम दुसऱ्याकडे रुसून बसायचा. त्यावर 'फ्लॅटपॅक' ही सोय निघाली. (२०१६ पर्यंत तिचं नाव 'एक्सडीजी-अ‍ॅप' होतं. ते बदललं, हे आमच्या जिभेवर उपकारच झाले.) नेहमी लागणाऱ्या लायब्रऱ्यांचा एक संच बांधायचा, तो रनटाइम. तो एकदाच उतरवून घ्यायचा आणि दहा प्रोग्रॅमांनी मिळून वापरायचा.

कल्पना खरोखर चांगली आहे. सप्टेंबर २०२३ मध्ये वेबपी जातीची चित्रं उघडणाऱ्या लायब्ररीत असा दोष सापडला, की मुद्दाम बिघडवलेलं चित्र उघडलं तर परका माणूस तुमच्या कॉम्प्युटरमध्ये पाय पसरू शकेल. ज्यांनी ती लायब्ररी स्वतःच्या पोटात बांधून आणली होती, त्या प्रत्येक प्रोग्रॅमचं वेगळं ऑपरेशन करावं लागलं. रनटाइममधली लायब्ररी मात्र एकदा दुरुस्त केली, की तिच्यावर विसंबलेले सगळे एकदम बरे. इथवर माझी काही तक्रार नाही.

माझी तक्रार आहे ती आयुष्याबद्दल. सगळ्यांच्या तळाशी असतो तो फ्रीडेस्कटॉपचा रनटाइम. तो दरवर्षी ऑगस्टच्या सुमाराला नवा निघतो, २३.०८ म्हणजे २०२३ चा ऑगस्ट. त्याचा सांभाळ दोन वर्षं. ग्नोमवाल्यांचा तर दर सहा महिन्यांनी नवा, आणि सांभाळ साधारण वर्षभर. मुदत संपली की वापरणाऱ्याच्या पडद्यावर सूचना येते, की हा रनटाइम आता कुणी सांभाळत नाही. प्रोग्रॅमच्या कर्त्याला नव्यावर यायला सांगा. म्हणजे वाडा रिकामा करायचा घरमालकाला, राहतो भाडेकरू, आणि नोटीस कुणाच्या हातात? तर चहाला आलेल्या पाहुण्याच्या!

बरं, हा भाडेकरू बहुतेक वेळा नोकरी सांभाळून रात्री प्रोग्रॅम लिहिणारा गृहस्थ. त्याने हिशेबाचा एखादा छोटासा प्रोग्रॅम केला, तो नीट चालतो, त्यात करण्यासारखं काही उरलेलं नाही. मुरलेल्या लोणच्यासारखी पूर्ण झालेली वस्तू! पण लोणचं मुरलं तरी दरवर्षी बरणी बदला, असा नियम. तो थकला किंवा दुसरीकडे रमला, की प्रोग्रॅम लगेच बंद पडत नाही. तो चालतच राहतो, जुन्या रनटाइमवर, पुढे सापडणाऱ्या सगळ्या भोकांसकट. वापरणाऱ्याला वाटतं, सगळं आलबेल आहे. खरी भीती तीच.

आणि बरणी बदलणं दर वेळी सोपं असतं असंही नाही. पडद्याचं चित्रण करणारा ओबीएस स्टुडिओ काही लहान नव्हे. फेब्रुवारी २०२५ मध्ये फेडोराने स्वतः बांधलेल्या त्याच्या फ्लॅटपॅकवरून दोघांचं असं वाजलं की गोष्ट कोर्टाच्या धमकीपर्यंत गेली, पुढे मिटली. त्या भांडणात ओबीएसवर उलट आरोप झाला, की तुमचा फ्लॅटपॅक तरी मुदत संपलेल्या केडीई रनटाइमवरच बसलाय ना? ओबीएसचं उत्तर, नव्या रनटाइममधली क्यूटी लायब्ररी आमच्या प्रोग्रॅमला बाधते. मला विचाराल तर दोघंही खरं बोलत होते. चूक मुदतीची होती.

उबुंटूच्या 'स्नॅप'मध्ये हा पाया दीर्घ मुदतीच्या उबुंटूवर बेतलेला असतो आणि पाच वर्षं सांभाळला जातो. अर्थात तिथलं दुकान कॅनॉनिकल या एकट्या कंपनीच्या हातात, म्हणून अनेकांना ते रुचत नाही. पण मुदतीच्या बाबतीत शहाणपण तिकडेच आहे.

'एवढी वर्षं जुनी ठिगळं लावत बसणार कोण?' असं विचारतील. प्रश्न रास्त आहे. काम कंटाळवाणं आहे आणि त्याला पगारी माणूस लागेल. पण आज ते कष्ट वाचतात कुठे? ते फक्त असंख्य कर्त्यांच्या रात्रींमध्ये वाटले जातात. माझी मागणी माफक आहे. नव्याची हौस असणाऱ्यांना नवे रनटाइम खुशाल मिळोत. शेजारी फक्त पायाभूत लायब्रऱ्यांचा एक संथ, पाच वर्षांचा रनटाइम ठेवा, आणि ज्या कंपन्या लिनक्सवर कमावतात त्यांनी त्याची वर्गणी भरावी.

आपल्याकडे बारशाला गर्दी होते, तशी तिकडे नव्या आवृत्तीला होते. एकदा एखाद्या रनटाइमच्या पाचव्या वाढदिवसालाही पेढे वाटून बघा. मी दोन जास्त घेईन.