‘गैरहजर’ या शेऱ्याची चिकित्सा : अंतिम परीक्षेस मुकणारा विद्यार्थी आणि विद्यापीठीय नियम

गोषवारा : मृत्यू, आजार, बाळंतपण यांसारख्या अपरिहार्य कारणांमुळे अंतिम परीक्षेस मुकणाऱ्या विद्यार्थ्याची नोंद विद्यापीठे अनुत्तीर्ण विद्यार्थ्याच्या रांगेतच करतात. हा प्रश्न दयेचा नसून अचूक नोंदीचा आहे, असे प्रतिपादन प्रस्तुत लेखात केले आहे.

बीजशब्द : अंतिम परीक्षा, गैरहजेरी, प्रथम प्रयत्न, विशेष परीक्षा, वाजवी समायोजन.

प्रास्ताविक

दरवर्षी परीक्षांच्या हंगामात मराठी वृत्तपत्रांतून एक बातमी हमखास वाचावयास मिळते. वडिलांचे पार्थिव घरात असताना मुलाने वा मुलीने पेपर दिला आणि मग अंत्यसंस्कारासाठी घर गाठले. गाव बदलते, आशय बदलत नाही. बातमीचा सूर गौरवाचा असतो. त्या विद्यार्थ्याच्या धैर्याविषयी शंका घेण्याचे कारण नाही. तथापि त्या बातमीत एक प्रश्न कधीच विचारलेला नसतो. त्या दिवशी तो विद्यार्थी परीक्षेस गेला नसता, तर व्यवस्थेने त्याच्यासाठी काय केले असते?

ही बातमी बहुधा दहावी-बारावीची असते. राज्य मंडळाने २०१५ मध्ये दहावीसाठी आणि त्यानंतर बारावीसाठीही निकालापाठोपाठ पुरवणी परीक्षा घेण्यास प्रारंभ केल्याने तेथे वर्ष वाचण्याचा एक मार्ग तरी मोकळा झाला. पदवी व पदव्युत्तर वर्गांत मात्र मुकलेल्या पेपरसाठी बहुतेक वेळा पुढील सत्राच्या परीक्षेची वाट पाहावी लागते. विद्यापीठीय नियमांची ही बाजू तपासणे हा प्रस्तुत लेखाचा उद्देश आहे.

शेऱ्याचा अर्थ

पेपर सुरू झाल्यानंतर ठरावीक वेळाने पर्यवेक्षक रिकाम्या बाकावरील बैठक क्रमांक गैरहजर विद्यार्थ्यांच्या तक्त्यात नोंदवितो. विद्यार्थी का आला नाही, हे लिहिण्यासाठी त्या तक्त्यात रकानाच नसतो. तेथून तो क्रमांक विद्यापीठाच्या परीक्षा विभागात जातो आणि निकालपत्रकात त्या विषयापुढे ‘गैरहजर’ असा शेरा उमटतो. अभ्यास न झाल्यामुळे घरी राहिलेला विद्यार्थी आणि वडिलांना अग्नी देण्यासाठी गावी गेलेला विद्यार्थी या नोंदीत एकरूप होतात. दोघेही अनुत्तीर्ण ठरतात आणि दोघांनाही एटीकेटीच्या वाटेने पुढे जावे लागते.

या एकरूपतेची किंमत तीन प्रकारे मोजावी लागते. पहिली वेळेची, दुसरी नव्याने भरावयाच्या शुल्काची. तिसरी हानी सहसा चर्चेत येत नाही, ती म्हणजे ‘प्रथम प्रयत्न’ या अटीची. विद्यापीठाची पदके व पारितोषिके, गुणवत्ता यादीतील स्थान आणि नोकरीसाठी महाविद्यालयात येणाऱ्या अनेक कंपन्यांचे निकष हे सर्व एकाही विषयात न अडकलेल्या विद्यार्थ्यासाठी असतात. ज्याने प्रयत्नच केला नाही, त्याचा प्रयत्न फसला असे मानणे तर्काला धरून नाही. काही गुणांनी अनुत्तीर्ण होणाऱ्यास ग्रेस गुण देण्याइतके औदार्य आमच्या विद्यापीठांपाशी आहे. मग शोकग्रस्त विद्यार्थ्यास दुसरी तारीख देण्याइतके का नसावे, हा प्रश्न उरतोच.

सवलतींची क्रमवारी

सवलती मुळीच नाहीत, असे म्हणणे अन्यायाचे होईल. मुंबई विद्यापीठाने २०११-१२ पासून लागू केलेल्या श्रेयांक-आधारित सत्र पद्धतीच्या नियमांत महाविद्यालयीन पातळीवरील अतिरिक्त परीक्षेची तरतूद होती. तेथे वैद्यकीय कारण, क्रीडा व सांस्कृतिक स्पर्धा, राष्ट्रीय सेवा योजना आणि राष्ट्रीय छात्र सेना यांचा स्पष्ट उल्लेख होता. अन्य कारणे अपवादात्मक म्हणून प्राचार्यांच्या समाधानावर सोपविली होती. येथे एक क्रमवारी दिसून येते. जे कारण संस्थेची कीर्ती वाढविते, त्याला नियमात नाव मिळते. घरातील मृत्यूला मात्र ‘अन्य’ या शब्दात जागा शोधावी लागते आणि ज्या विद्यार्थ्याची प्राचार्यांपर्यंत पोहोच नाही, त्याच्यासाठी तो शब्द निरुपयोगी ठरतो.

दुसरी विसंगती अशी की, संकट सामूहिक असले की विद्यापीठ तत्काळ हलते. अतिवृष्टी झाली, बंद पुकारला गेला की त्या दिवशीचे पेपर पुढे ढकलले जातात. म्हणजे तारीख ही बदलू शकणारी गोष्ट आहे, हे विद्यापीठास मान्य आहे. संकट एकट्यावर कोसळले की मात्र तीच तारीख अढळ होते.

बाळंतपण : एक अनुभव

काही वर्षांपूर्वी प्रस्तुत लेखक एका परीक्षा केंद्रावर पर्यवेक्षक होता. तृतीय वर्ष कला शाखेची एक विद्यार्थिनी बाळंतपणाच्या नवव्या दिवशी पेपरला आली. तिची आई बाळाला घेऊन व्हरांड्यात बसली होती. “एवढी घाई कशाला केलीस?” असे विचारले असता ती म्हणाली, “सर, यंदा राहिलं तर सासरचे पुन्हा पाठवायचे नाहीत.” दोन पेपर तिने दिले. तिसऱ्या दिवशी ती अंगात ताप असल्याने येऊ शकली नाही आणि तक्त्यात तिच्या क्रमांकाची नोंद झाली. नोंद करणारा हात प्रस्तुत लेखकाचाच होता. पुढील सत्रात तिने परीक्षेचा अर्ज भरला नाही.

विद्यापीठ अनुदान आयोगाने डिसेंबर २०२१ मध्ये कुलगुरूंना पत्र पाठवून विद्यार्थिनींना प्रसूती रजा, उपस्थितीत सूट, परीक्षा अर्जाच्या मुदतीत वाढ आणि आवश्यक त्या अन्य सुविधा देण्यासाठी नियम करण्यास सांगितले. हे पाऊल स्वागतार्ह आहे. परंतु अर्जाची मुदत वाढवून परीक्षेची तारीख तशीच ठेवल्यास प्रश्न अर्धाच सुटतो.

२०२० चा धडा

करोना साथीच्या काळात आयोगाने ६ जुलै २०२० रोजी सुधारित मार्गदर्शक सूचना काढल्या. अंतिम वर्षाचा विद्यार्थी कोणत्याही कारणाने परीक्षेस बसू शकला नाही, तर त्याला विशेष परीक्षेची संधी द्यावी, असे त्यांत नमूद होते. पुढे २८ ऑगस्ट २०२० रोजी सर्वोच्च न्यायालयाने, राज्ये परीक्षा पुढे ढकलण्याची मागणी करू शकतात, मात्र अंतिम वर्षाची परीक्षा न घेता पदवी देता येणार नाही, असा निर्णय दिला. या दोहोंतून एक समतोल सूत्र हाती येते : परीक्षा टळणार नाही, तारीख मात्र बदलू शकेल. दुर्दैवाने विशेष परीक्षेची तरतूद २०१९-२० या एकाच शैक्षणिक वर्षापुरती होती. साथ ओसरली, घराघरांतील मृत्यू, अपघात आणि आजारपण मात्र ओसरलेले नाही.

वाजवी समायोजनाचे तत्त्वही आता नवे राहिलेले नाही. दिव्यांग व्यक्ती हक्क अधिनियम, २०१६ अन्वये परीक्षा पद्धतीत योग्य बदल करणे अभिप्रेत आहे आणि फेब्रुवारी २०२१ मध्ये लेखनिकाच्या प्रश्नावर निर्णय देताना सर्वोच्च न्यायालयाने हे तत्त्व अधिक व्यापक केले. तो कायदा येथे जसाच्या तसा लागू होत नाही. परंतु सर्वांना एकच नियम लावल्याने समानता साधतेच असे नाही, हा त्यामागील विचार येथेही उपयुक्त आहे.

आक्षेपांचा विचार

पहिला आक्षेप खोट्या वैद्यकीय प्रमाणपत्रांचा आहे आणि तो निराधार नाही. परंतु त्यावर उपाय पडताळणीचा आहे, सरसकट नकाराचा नव्हे. पुरावा मागतानाही वास्तवाचे भान हवे. जन्म-मृत्यू नोंदणी अधिनियम, १९६९ नुसार मृत्यूची खबर देण्यास २१ दिवसांची मुदत असते. अशा वेळी आठवड्याच्या आत दाखला मागणे म्हणजे सवलत कागदावरच ठेवणे होय. दुसरा आक्षेप प्रश्नपत्रिकांच्या समान काठिण्याचा आहे. एकाच विषयाचे एकाहून अधिक संच काढून ठेवण्याची पद्धत विद्यापीठांत रूढ असल्याने तो फारसा टिकत नाही. तिसरा आक्षेप मनुष्यबळाचा व निकालाच्या मुदतीचा आहे. महाराष्ट्र सार्वजनिक विद्यापीठ अधिनियम, २०१६ मध्ये निकालासाठी ३० आणि कमाल ४५ दिवसांची मर्यादा आहे, हे खरे. तथापि मूळ निकाल वेळेवर लावून विशेष परीक्षेचा निकाल स्वतंत्रपणे जाहीर करता येईल.

सूचना

१. निकालपत्रकात ‘गैरहजर’ व ‘सकारण अनुपस्थित’ असे दोन स्वतंत्र शेरे असावेत.

२. सकारण अनुपस्थिताची पुढील परीक्षा ‘प्रथम प्रयत्न’ मानावी व तिचे शुल्क घेऊ नये.

३. निकटच्या नातेवाइकाचा मृत्यू, रुग्णालयातील उपचार, अपघात व बाळंतपण ही कारणे नियमात नावानिशी यावीत. पुराव्यासाठी किमान ३० दिवसांची मुदत असावी.

४. निर्णय एकट्या प्राचार्यांकडे न ठेवता महाविद्यालयीन समितीकडे द्यावा आणि त्यावर विद्यापीठाकडे अपील करता यावे.

५. विशेष परीक्षा पुढील सत्राच्या प्रवेशापूर्वी व्हावी.

समारोप

राष्ट्रीय शैक्षणिक धोरण २०२० आणि त्यापाठोपाठ २०२१ मध्ये आलेली शैक्षणिक श्रेयांक पेढी यांनी विद्यार्थ्यास शिक्षण मध्येच थांबवून पुन्हा परतण्याची मुभा दिली आहे. जी व्यवस्था वर्षभर बाहेर राहिलेल्याचे स्वागत करू शकते, तिला तीन तास मुकलेल्याची वाट पाहणे अशक्य नसावे. परीक्षा विद्यार्थ्याचे ज्ञान मोजते. त्याच्या घरी त्या दिवशी काय घडले, हे तिने मोजू नये. गैरहजर तक्त्यात कारणाचा एक रकाना वाढविणे, ही या सुधारणेची सर्वांत साधी सुरुवात ठरेल.