‘मेक’ला काही वाकडे प्रश्न

मोठी आज्ञावली अनेक फाइलींची मिळून बनलेली असते. त्यांतल्या एका फाइलीत बदल झाला, तर सगळेच पुन्हा जुळवत बसायचे का? मोदकांच्या सारणात गूळ कमी पडला म्हणून तांदळाची उकड कोणी नव्याने काढत नाही. सारण सुधारले की भागते. संगणकाला हाच विवेक शिकवणारी ‘मेक’ ही आज्ञावली स्टुअर्ट फेल्डमन यांनी १९७६ साली अमेरिकेतील बेल प्रयोगशाळेत लिहिली. कोणती वस्तू कशावर अवलंबून आहे आणि ती तयार करण्याची कृती काय, एवढे एका फाइलीत लिहून द्यायचे. नव्याने काय करायचे ते मेक ठरवते. या कामाबद्दल फेल्डमन यांना २००३ साली एसीएम या संगणकतज्ज्ञांच्या संस्थेचा पुरस्कार मिळाला. मेक आजही वापरात आहे आणि आपले मुख्य काम ती चोख करते.

हे परीक्षण मात्र तिच्या वाचनाचे आहे. लिहिणाऱ्याची फाइल नेहमीपेक्षा वेगळी असली तर मेक ती कशी वाचते? शिक्षकांना या प्रश्नाशी कर्तव्य आहे, कारण शाळेत संगणकापुढे बसलेल्या मुलाशेजारी जाणकार असतोच असे नाही. पडद्यावर उमटणारा संदेश हाच तेव्हा त्याचा शिक्षक असतो.

वेड्यावाकड्या मजकुराने आज्ञावल्यांची परीक्षा घेण्याची एक प्रसिद्ध कथा आहे. १९८८ साली विस्कॉन्सिन विद्यापीठातील बार्टन मिलर एका वादळी रात्री घरून टेलिफोनमार्गे विद्यापीठाच्या संगणकावर काम करत होते. पावसामुळे तारेवर खरखर होऊन भलतीच अक्षरे पुढे जात होती. कोकणातल्या पावसाळ्यात टेलिफोनवर बोललेल्या कोणालाही ही खरखर समजावून सांगायला नको. मिलर यांना आश्चर्य वाटले ते या अक्षरांनी चांगल्या आज्ञावल्या कोलमडत होत्या याचे. त्यांनी विद्यार्थ्यांना हाच प्रकल्प दिला. १९९० साली प्रसिद्ध झालेल्या निष्कर्षांनुसार तपासलेल्या युनिक्स उपयोजनांपैकी पाव ते एकतृतीयांश उपयोजने अशा मजकुराने कोलमडली किंवा अडकून बसली.

या पद्धतीला एक मर्यादा आहे. आज्ञावली कोसळली तर ते दिसते; पण तिने मजकुराचा भलताच अर्थ लावला आणि शांतपणे पुढे गेली तर? ते पकडायला अपेक्षित उत्तर आधी ठाऊक असावे लागते. म्हणून आपण मेकला निवडक वाकडे प्रश्न विचारू. समजा, सिंधुदुर्गनगरीच्या एखाद्या शाळेत मुले पावसाच्या नोंदींचा अहवाल मेकच्या मदतीने तयार करत आहेत. (पुढील वर्तन ‘ग्नू मेक’ या प्रचलित आवृत्तीचे आहे.)

पहिला प्रश्न मोकळ्या जागेचा. मेकच्या नियमानुसार कृतीची ओळ टॅबने सुरू झाली पाहिजे. मुलाने टॅबऐवजी चार मोकळ्या जागा सोडल्या, तर ‘मिसिंग सेपरेटर’, म्हणजे विभाजक सापडत नाही, असे उत्तर ओळीच्या क्रमांकासह येते. कोणता विभाजक, ते मेक सांगत नाही. निदान आठ जागा सोडल्या असतील तरच ‘टॅब हवा होता का?’ अशी पुस्ती जोडली जाते. टॅब आणि मोकळ्या जागा पडद्यावर सारख्याच दिसतात. डोळ्यांना न दिसणारी ही चूक मुलाने शोधायची कशी?

दुसरा प्रश्न अधिक गंभीर आहे. फाइलीत दोन ओळी आहेत. पहिली, ‘अहवाल: पाऊस’. म्हणजे अहवाल पावसाच्या नोंदींवर अवलंबून आहे. तिच्याखाली चार जागा सोडून ‘छाप ओरोस: आज’ ही कृती आहे, ‘छाप’ ही मुलांनी लिहिलेली छोटी आज्ञावली. आता मेक तक्रारच करत नाही! मधला अपूर्णविराम पाहून ती दुसऱ्या ओळीला नवा नियम समजते: ‘छाप’ आणि ‘ओरोस’ या दोन वस्तू ‘आज’वर अवलंबून आहेत. अहवालाला कृतीच उरत नाही. ‘अहवालासाठी करण्यासारखे काही नाही’ अशा अर्थाचा संदेश येतो आणि काम थांबते. चूक तीच, पहिल्या वेळी निदान ओरडा झाला, या वेळी नाही.

तिसरा प्रश्न आपल्या गावांच्या नावांचा. ‘ओरोस बुद्रुक’ या नावाची फाइल मेकला दोन फाइली वाटते. अवतरणचिन्हांनी ती वाचत नाही. उलटी तिरपी रेघ दिल्यास काही ठिकाणी भागते, पण नावांच्या याद्या हाताळताना पुन्हा तेच. बुद्रुक आणि खुर्द यांनी भरलेल्या महाराष्ट्रात दोन शब्दांचे नाव हा अपवाद नव्हे. ‘विचित्र’ काय हे साधन करणाऱ्याने ठरवलेले असते. वापरणाऱ्याच्या गावी ते रोजचेच असते.

चौथा प्रश्न देवनागरीचा, आणि इथे मेकचे कौतुक केले पाहिजे. यूटीएफ-८ या पद्धतीत देवनागरीचे प्रत्येक चिन्ह तीन बाइटांचे असते आणि त्यातला एकही बाइट अपूर्णविरामाशी वा टॅबशी जुळत नाही. त्यामुळे ‘मालवण’ हे नाव सुखरूप पार पडते. पण ‘दऱ्या’ या शब्दातला ‘ऱ’ एकसंध चिन्ह म्हणून लिहिता येतो, तसाच ‘र’ला नुक्ता जोडूनही. दिसायला एकच, बाइट मात्र एकीकडे तीन, दुसरीकडे सहा. मेकला त्या दोन वेगळ्या फाइली. समोर दिसणारी फाइल तयार करण्याचा ‘नियम नाही’ असे ती मुलाला सांगणार.

टॅबचा नियम असा का? खुद्द फेल्डमन यांनीच पुढे सांगितले आहे की, तो तेव्हा निवडलेला साधा मार्ग होता. काही आठवड्यांत डझनभर लोक मेक वापरू लागले आणि त्यांच्या फाइली बिघडू नयेत म्हणून नियम तसाच राहिला. डझनभरांची सोय पाहिली, नंतरच्या लाखोंना ती भोवली. २०१० च्या ३.८२ आवृत्तीत टॅबऐवजी दुसरे चिन्ह निवडण्याची सोय झाली, पण मूळ रीत कायम आहे. याउलट ‘निंजा’ हे नवे साधन टॅब दिसताच ‘टॅब चालत नाही, मोकळ्या जागा वापरा’ असे म्हणून चुकीची जागा खुणेने दाखवते. नियम तितकाच कडक आहे, पण नकारातच उपाय सांगितलेला आहे.

म्हणून मेकला कामात चांगले आणि वाचनात काठावरचे गुण द्यावे लागतात. कडक असणे हा तिचा दोष नाही; चुकीचा अर्थ लावून गप्प राहणे हा आहे. शिक्षकांनी या चारही फाइली वर्गात जरूर कराव्यात. प्रत्येक वेळी मेक काय उत्तर देईल, याचा अंदाज मुलांना आधी वहीत लिहायला लावावा आणि मगच ती चालवावी. दुसऱ्या फाइलीपाशी अंदाज आणि उत्तर यांत फरक पडला, की ‘आपल्यालाच संगणक जमत नाही’ असे समजणाऱ्या मुलाला दोष नेमका कुठे आहे ते स्वतः दाखवून देता येईल.