वहीचा ताबा : संगणकीय हिशेबप्रणालींचा एक विचार

हिशेबाची प्रणाली पेढीतल्या संगणकावर असावी की इंटरनेटवर, या प्रश्नाची चर्चा बहुधा सोय आणि किंमत यांपाशीच थांबते. खामगावसारख्या कापूस व चांदीच्या जुन्या बाजारपेठेच्या दृष्टीने ती अपुरी होय. कीर्द-खतावणी हा केवळ हिशेब नव्हे, पुरावाही आहे. म्हणून वही कोणाच्या ताब्यात, हा खरा प्रश्न. वस्तू व सेवा कर कायद्याच्या ३६ व्या कलमान्वये वार्षिक विवरणपत्राच्या मुदतीपासून ७२ महिने ती जपावी लागते.

‘टॅली’ मूलतः पेढीतल्या संगणकावरच नोंदी ठेवते. इंटरनेट खंडित झाले तरी काम अडत नाही; परंतु हार्ड डिस्क बिघडली आणि दुसरी प्रत नसली, तर सर्वस्व जाते. ‘झोहो बुक्स’मध्ये खामगावची पेढी व मलकापूरची शाखा एकच खतावणी पाहू शकतात, मात्र पुरवठादारानेच सेवा आवरली तर? ‘क्विकबुक्स’ने २०२३ मध्ये भारतातील सेवा बंद केली, हे उदाहरण बोलके आहे.

तात्पर्य, एकाच ठिकाणच्या पेढीने पहिला, अनेक शाखांच्या पेढीने दुसरा मार्ग धरावा. पण दोघींनीही दरमहा एक स्वतंत्र प्रत आपल्या हाती ठेवावी. जीतून ती काढता येत नाही, ती प्रणाली कितीही सोयीची असली तरी त्याज्यच मानावी.