आधी स्वप्न, मग अर्थ

चित्रकलेविषयी मराठीत लिहिणाऱ्याची सर्वांत मोठी पंचाईत होते ती स्वप्नासारख्या दिसणाऱ्या चित्रांपाशी. निसर्गचित्र किंवा व्यक्तिचित्र असेल तर रंग, रेषा, छायाप्रकाश, साम्य एवढ्या शब्दांवर बरेचसे काम भागते. परंतु घड्याळ वितळताना किंवा माणसे घरांच्या वरून तरंगताना दिसली की आपली भाषा अडखळते आणि 'विचित्र' हा एकच शब्द हाताशी उरतो. ही केवळ भाषेची उणीव नव्हे. ज्याचे वर्णन करता येत नाही त्याचा आपण निवाडा करून मोकळे होतो. 'विचित्र' म्हणून मान फिरवणारा प्रेक्षक आणि 'अतिवास्तववादी' म्हणून चिठ्ठी चिकटवणारा समीक्षक, दोघेही चित्र न पाहताच पुढे गेलेले असतात.

'अतिवास्तववाद' हा आपल्याकडे रूढ झालेला शब्द एका फ्रेंच शब्दाचा प्रतिशब्द आहे. मूळ शब्द कवी गिय्योम आपोलिनेर याने १९१७ साली घडवला आणि १९२४ मध्ये आन्द्रे ब्रेताँने आपल्या जाहीरनाम्यातून त्याला पंथाचे रूप दिले. ब्रेताँ वैद्यकाचा विद्यार्थी होता. पहिल्या महायुद्धात मनोविकारांनी पछाडलेल्या सैनिकांमध्ये त्याने काम केले होते आणि फ्रॉइडच्या स्वप्नविचाराचा त्याच्यावर खोल ठसा होता. बुद्धीचे नियंत्रण आणि सौंदर्याची वा नीतीची चिंता बाजूला सारून मनातले जसेच्या तसे बाहेर येऊ द्यावे, ही त्याची भूमिका. तेव्हा हा शब्द निव्वळ वर्णनाचा नाही. ती एका गटाची प्रतिज्ञा आहे. तो हिएरोनिमस बॉश या डच चित्रकाराला लावला की घोटाळा होतो. बॉश १५१६ साली वारला. आपल्या गावातील पवित्र मरियेच्या बंधुसंघाचा तो सभासद होता. त्याच्या नरकाच्या चित्रात पक्षिमुखी राक्षस माणसे गिळतो. तेथे नीतीची चिंता बाजूला ठेवलेली नाही. ते चित्र त्या चिंतेतूनच जन्मले आहे.

शिवाय मराठी कानाला 'अति' हा उपसर्ग दोन प्रकारे ऐकू येतो. 'अतींद्रिय' म्हणताना तो 'पलीकडचा' असतो. पण रोजच्या बोलण्यात 'अति तेथे माती' हीच म्हण आधी आठवते. त्यामुळे 'अतिवास्तव' म्हणजे वास्तवाच्या पलीकडचे, की वास्तवाचा अतिरेक, हा संभ्रम राहतोच. 'अवास्तव' हा शब्द तर मागण्यांना आणि खर्चालाच शोभतो. 'स्वप्नाळू' माणूस असतो, चित्र नव्हे. 'भ्रम' म्हटले की रोगाची छाया पडते. 'विचित्र' या शब्दाचा संस्कृतातील अर्थ नानारंगी, आश्चर्यकारक असा होता. मराठीत येता येता त्याचे रंग उडाले आणि नापसंती तेवढी उरली. त्या मानाने 'अद्भुत' हा शब्द अधिक भरवशाचा आहे. रसविचारात विस्मय हा त्याचा स्थायिभाव मानला आहे आणि विस्मय पावलेला माणूस निदान थांबून पाहतो.

स्वप्नाविषयी आपल्या भाषेत दोन जुन्या समजुती नांदतात. 'मनी वसे ते स्वप्नी दिसे' ही एक. फ्रॉइडचे नावही न ऐकलेल्या आजीबाईंनी ती पिढ्यान्‌पिढ्या सांगितली. दुसरी समजूत 'दृष्टान्त' या शब्दात आहे. 'देवाने दृष्टान्त दिला' असे म्हणताना स्वप्न मनातून उमटले नसून बाहेरून आले आहे, असे आपण सुचवतो. गंमत अशी की प्रभू येशूने सांगितलेल्या बोधकथांनाही आपण दृष्टान्तच म्हणतो. पहिल्या समजुतीचे स्वप्न माणसाला त्याच्या स्वतःकडे नेते, दुसऱ्या समजुतीचे स्वप्न त्याला कोणाच्या तरी हाकेला सामोरे नेते. चित्राला 'स्वप्नमय' म्हणताना यांपैकी कोणते स्वप्न आपल्याला अभिप्रेत आहे, हे समीक्षकाने स्वतःशी तरी ठरवले पाहिजे.

परंतु ते ठरवायचे कसे? येथे बायबलमधील एक प्रसंग मला समीक्षेचा उत्तम पाठ वाटतो. दानिएलच्या दुसऱ्या अध्यायात नबुखद्नेस्सर राजा आपल्या ज्ञान्यांना विलक्षण अट घालतो: केवळ अर्थ सांगून चालणार नाही, आधी मी काय पाहिले ते सांगा. ज्ञानी हतबल होतात. दानिएल मात्र प्रार्थना करतो आणि मग राजापुढे ते स्वप्न उभे करतो. सोन्याचे मस्तक, रुप्याची छाती, पितळेचे पोट, लोखंडाचे पाय आणि पावलांत लोखंडाबरोबर माती. कोणाचा हात न लागता सुटलेला एक दगड येतो आणि पुतळ्याचा चुरा होतो. हे सारे सांगून झाल्यावरच तो अर्थाकडे वळतो. फारोच्या स्वप्नाचेही तसेच. सात रोड गाई सात पुष्ट गाईंना गिळतात आणि तरीही रोडच राहतात. पवित्र शास्त्र या ठिकाणी विशेषणांची आरास मांडत नाही. काय होते, ते सांगते. स्वप्नचित्राचे वर्णनही प्रथम क्रियापदांनी करावे. विशेषणाची पाळी मागाहून.

या कसोटीवर साल्व्हादोर दालीचे १९३१ सालचे घड्याळांचे प्रसिद्ध चित्र पाहावे. न्यूयॉर्कच्या आधुनिक कलेच्या संग्रहालयातील हे चित्र वहीच्या पानाहून फारसे मोठे नाही. एक घड्याळ फांदीवरून लोंबते, एक कडेवरून ओघळते, एक झोपलेल्या चेहऱ्यासारख्या आकारावर पसरते. जे एकच घड्याळ कठीण राहिले आहे त्याला मुंग्या लागल्या आहेत. मागे समुद्र आणि कडे अगदी लखलखीत दिसतात. 'स्वप्नवत' म्हणताना आपल्या मनात धुके आणि धूसरता येते. येथे धुके कोठेच नाही. वस्तू स्पष्ट आहेत, त्यांचे वागणे तेवढे बदलले आहे. एवढे सांगितले की काळ मऊ झाल्याची अस्वस्थता वाचकापर्यंत पोहोचते.

याच दालीला १९३० च्या दशकात ब्रेताँच्या गटाने दूर केले. पुढे १९५१ मध्ये त्याने क्रुसावरील ख्रिस्ताचे जे चित्र काढले ते ग्लासगोच्या केल्विनग्रोव्ह संग्रहालयात आहे. येथे क्रूस आपण वरून पाहतो. प्रभूचा चेहरा दिसत नाही. खिळे नाहीत, रक्त नाही, काट्यांचा मुकुट नाही. खाली स्पेनच्या किनाऱ्यावरील उपसागर, होडी आणि कोळी. या चित्राला दोन उगम आहेत. क्रुसाचे संत योहान यांना प्रार्थनेत झालेल्या दर्शनाचे त्यांनीच काढलेले छोटे रेखाटन आविला येथे जपलेले आहे. आणि दालीने स्वतःला १९५० साली पडलेल्या स्वप्नाचा हवाला दिला आहे. म्हणून हे चित्र म्हणजे दृष्टान्त ठरते काय? येथे घाई नको. दालीने हॉलिवुडमधील एका कसरतपटूला टांगून घेऊन शरीराच्या भाराचा अभ्यास केला होता. स्वप्नातून आलेले चित्रही हातांच्या कष्टांनीच उभे राहते. स्वतः संत योहानांनी तर दर्शनांत गुंतून पडू नका, असा इशारा साधकांना दिला आहे. चित्राच्या उगमाला आपण दाखला देऊ शकत नाही. चित्र आपल्याला कोठे उभे करते, एवढे मात्र सांगू शकतो. येथे ते आपल्याला क्रुसाच्याही वर उभे करते. ते स्थान आपले नव्हे, पित्याचे आहे, ही जाणीव भाविकाला अस्वस्थ करते. त्याच वेळी वेदनेची एकही खूण न ठेवल्याने क्रूस फार सुंदर झाला की काय, ही शंकाही राहते. दोन्ही गोष्टी सांगणे हेच प्रामाणिक वर्णन.

शब्द चुकला तर काय बिघडते, हे मार्क शागालच्या 'श्वेत क्रुसारोहण' या १९३८ सालच्या चित्रावरून कळते. शिकागोच्या कला संस्थेतील हे चित्र दिवंगत पोप फ्रान्सिस यांचे अत्यंत आवडते होते. शागाल ज्यू होता. त्याच्या ख्रिस्ताच्या कमरेला ज्यूंचे प्रार्थनावस्त्र आहे. भोवती घरे उलटी पडतात, सभास्थान जळते, माणसे होडीतून आणि पायी पळतात, आकाशात वृद्ध तरंगत शोक करतात आणि क्रुसाला एक शिडी टेकलेली आहे. पुस्तकांतून शागालला सहज 'स्वप्नमय' म्हणतात. परंतु त्या वर्षी युरोपातील ज्यूंची घरे आणि प्रार्थनास्थळे खरोखरच जळत होती. तरंगणारी माणसे सोडली तर यात स्वप्न किती आणि बातमी किती? येथे 'स्वप्नमय' म्हणणे म्हणजे जागे करायला आलेल्याला अंगाई म्हणणे होय. या चित्राला मी 'आक्रोश' म्हणेन, हवे तर 'साक्ष'.

व्हॅटिकन परिषदेने १९६३ च्या उपासनाविषयक संविधानात स्पष्ट केले आहे की ख्रिस्तसभेने कोणतीही एक कलाशैली आपली म्हणून ठरवलेली नाही. या मोकळिकीबरोबर पाहण्याची जबाबदारी येते. आपल्या घरांतील मुले आज असली चित्रे शाळेच्या पुस्तकांत आणि पडद्यावर पाहतात आणि आईवडिलांना विचारतात. त्यांना 'काहीतरीच' असे उत्तर देऊ नये. आणि 'हे अतिवास्तववादी आहे' हेही उत्तर नव्हे. तूच सांग, येथे काय काय होते आहे, असे विचारावे. काय वितळते, काय तरंगते, कोण पळते, कोण स्थिर आहे. मूल सांगू लागले की त्याला शब्द सापडतील, आणि त्याच्यामागून आपल्यालाही. अर्थासाठी प्रार्थनेची आणि विचाराची वेळ दानिएलनेही मागून घेतली होती. आपण घ्यायला हरकत नाही.