‘आम्ही’ची व्याप्ती : वाळवंटातील सैनिकी आठवणी आणि रीतिभूतकाळ

मराठी समीक्षेने सैनिकाच्या आत्मकथनाकडे प्रायः दोन दृष्टींनी पाहिले आहे. एक तर ते वीरगाथेचे आधुनिक रूप मानले गेले, अथवा युद्धेतिहासाचे दुय्यम साधन म्हणून त्याचा उपयोग झाला. दोन्ही दृष्टींना घटना हवी असते. परंतु छावणीतील सैनिकाचा बहुतांश काळ घटनेत नव्हे, तर घटनेच्या प्रतीक्षेत जातो. या प्रतीक्षेचे, म्हणजेच पाणी, जेवण, पहारा, थट्टामस्करी आणि सोबत यांचे निवेदन कोणत्या भाषिक रूपात घडते आणि ते रूप काय प्रकट करते व काय झाकते, हा प्रस्तुत विवेचनाचा विषय आहे.

वाळवंटातील तैनाती हे या प्रश्नाचे सर्वांत स्वच्छ उदाहरण होय. १९९०-९१ च्या आखाती युद्धात अमेरिकी मरीन सैनिकांनी सौदी अरेबियाच्या वाळूत अनेक महिने वाट पाहिली. जमिनीवरील प्रत्यक्ष लढाई मात्र सुमारे १०० तासांत आटोपली. अँथनी स्वॉफर्ड या मरीनचे ‘जारहेड’ (२००३) हे आत्मकथन या विषमतेवरच उभे आहे. आपल्याकडील समांतर उदाहरण ‘ऑपरेशन पराक्रम’चे. डिसेंबर २००१ मधील संसदेवरील हल्ल्यानंतर भारतीय सेना राजस्थानच्या वाळवंटासह संपूर्ण पश्चिम सीमेवर उभी राहिली आणि ऑक्टोबर २००२ मध्ये माघारीचा निर्णय होईपर्यंत तेथेच राहिली. युद्ध झाले नाही. सुरुंग पेरताना व काढताना मात्र माणसे दगावली. ज्याला सांगण्यासाठी ‘लढाई’ नाही, अशा सैनिकाने सांगावे तरी काय?

तो सांगतो ते दिनक्रमाच्या भाषेत. ‘पहाटे उठत असू’, ‘वारा सुटला की डाळीत वाळू पडे’, ‘एकाची चिठ्ठी आली की तो ती सर्वांना वाचून दाखवी’, अशा वाक्यांची जातकुळी पाहावी. जेरार जनेत यांनी अनेकदा घडलेले एकदाच सांगण्याच्या या पद्धतीची निवेदनशास्त्रात स्वतंत्र नोंद केली आहे. मराठीला त्यासाठी नवी संज्ञा घडविण्याची गरज नाही; आपल्या क्रियापदरूपांतच रीतिभूतकाळ आहे. पराक्रम साध्या भूतकाळात सांगितला जातो, सोबत रीतिभूतकाळात. म्हणून सहवासाची ऊब ही केवळ आशयातून येत नाही, ती ‘पडे’, ‘वाचून दाखवी’ या रूपांतूनही येते.

परंतु या रूपाची एक किंमत आहे. रीतिभूतकाळ दिवसांना एकमेकांत मिसळून टाकतो. ज्या दिवशी शेजारचा गडी सुरुंगावर गेला, तो दिवस या ओघात बसत नाही. म्हणून अशा कथनात ‘एकदा’ हा शब्द येतो तेव्हा वाचकाने थांबावे. ओघ तुटतो तेथेच अनुभवाचा खरा भार असतो. जे आत्मकथन ‘एकदा’ उच्चारतच नाही, ते सोबतीचे नव्हे, स्मरणरंजनाचे कथन होय.

दुसरा प्रश्न सर्वनामाचा. मराठीत श्रोत्याला वगळणारे ‘आम्ही’ आणि त्याला सामावून घेणारे ‘आपण’ असा भेद आहे. इंग्रजीच्या एकाच प्रथमपुरुषी अनेकवचनात तो नाही. सैनिकी आठवण ‘आम्ही’त सांगितली जाते. त्या ‘आम्ही’च्या बाहेर वाचक राहतो, तसेच घरी मागे राहिलेलेही. जात्यावरच्या ओवीत आई-बहीण दूरदेशीच्या लेकाला, भावाला नाव घेऊन ‘तू’ म्हणते. सैनिकाच्या ‘आम्ही’त मात्र त्या हाकेला क्वचितच जागा मिळते.

आणि ‘आम्ही’च्या आत कोण आहे? या प्रश्नाची कसोटी पंगत ही होय. पहिल्या महायुद्धात कूत-अल-अमाराच्या वेढ्यात (७ डिसेंबर १९१५ ते २९ एप्रिल १९१६) सहाव्या, म्हणजे पुणे डिव्हिजनमधील १०३, ११० व ११७ या मराठा पलटणी अडकल्या होत्या. अन्न संपत आले तेव्हा घोड्याचे मांस देऊ केले गेले. धर्मगुरूंची अनुमती मागवूनही हिंदी सैनिकांपैकी अनेकांनी ते बराच काळ नाकारले. परतल्यावर गाव वाळीत टाकील ही धास्ती त्यामागे होती. मेसोपोटेमियातील उपासमारीतही गावची पंगत सैनिकाच्या शेजारी बसलेली होती. त्याच युद्धात १९१७ मध्ये उभारलेली १११ वी महार पलटण १९२१ मध्ये विसर्जित झाली. महार रेजिमेंट उभी राहण्यास १९४१ साल उजाडावे लागले. तेव्हा ‘सगळे एकत्र जेवत असू’ हे वाक्य मराठी सैनिकाच्या तोंडी येते तेव्हा ते केवळ सोबतीचे वर्णन नसते. तो एक सामाजिक दावा असतो. लंगरात खरा ठरलेला हा दावा गावी परतल्यावर टिकला का, हे विचारल्याखेरीज वाचन पुरे होत नाही. दलित आत्मकथनांनी भाकरीचा तपशील हा पुरावा म्हणून वाचण्यास आपल्याला शिकविले आहे. ती दृष्टी येथेही लागू करावयास हवी.

या वाचनाची निकड शिरूर तालुक्यातील कारेगावसारख्या ठिकाणी विशेष जाणवते. रांजणगाव गणपतीजवळच्या, एके काळी पावसाच्या भरवशावर जगणाऱ्या या टापूत १९९० च्या दशकापासून औद्योगिक वसाहत विस्तारली. निवृत्तीनंतर कारखान्याच्या फाटकावर उभा राहणारा माजी सैनिक हे अशा पट्ट्यांतील परिचित दृश्य आहे. याच तालुक्यात कोरेगाव भीमा आहे. तेथील १८१८ च्या लढाईच्या स्मृतिस्तंभावर पडलेल्यांची नावे कोरलेली आहेत. पण ते काय जेवत, कोणाशेजारी झोपत, हे दगड सांगत नाही. दगडाला साधा भूतकाळच येतो. रीतिभूतकाळ जिवंत माणसाच्या तोंडी असतो आणि त्याच्याबरोबर संपतो.

म्हणून मौखिक सैनिकी आठवणींचे संकलन करणाऱ्या अभ्यासकाने ‘तुम्ही कोणती लढाई लढलात?’ हा प्रश्न मागे ठेवावा. ‘पाणी किती मिळे? ताट कोणाशेजारी असे?’ येथून आरंभ करावा, ‘एकदा’ येईपर्यंत ऐकत राहावे आणि निवेदक ‘आम्ही’वरून ‘आपण’वर कधी येतो याची नोंद घ्यावी. त्या संक्रमणाच्या क्षणीच श्रोता पंगतीत घेतला जातो.